पालकांनी उभं राहावं

कंधार, ६ मार्च २०१६

तीर्थरूप अण्णांना जगदेवीचं शरणार्थ.

परवा तुम्ही फोनवर लई ओरडलात म्हणं. सूनबाई सांगत होती, अण्णामामांचा आवाज अंगणात ऐकू येऊन राहिला होता. मला मात्र नुसती फरफर. डॉक्टरनं दिलेलं कानातलं यंत्र शिट्टी मारतं, ते डब्यात ठेवून दिलं. म्हणून लिहायला बसले. अक्षर तुम्हीच शिकवलंत ना पाटीवर, मग आता वाचा.

काळजी शिवलिंगाची हाय. नांदेडला खोली करून परीक्षेचा अभ्यास करत होता, तो सगळा सोडून तुमच्याकडं उदगीरला येऊन बसलाय. सिनेमा करतो म्हणं. त्याच्या बापाचा, बसवराजचा तर विस्तव झालाय. पोटचा पोर हाय, पण त्याचं नाव काढलं की दुकानात जाऊन बसतो. दुकानात तरी काय हाय. दोन वर्षं पाऊस न्हाई, बी-बियाणं घ्यायला येतंय कोण? दिवसभर बसून शिवलिंगाच्या लग्नाचाच विचार करतो.

औशाकडचं एक स्थळ आलं होतं. पोहे झाले, चहा झाला, पोरीच्या मामानं घर फिरून बघितलं आणि विचारलं, नळाला पाणी किती दिवसांनी येतं. सूनबाई खरं बोलली. तिकडून निरोपच आला न्हाई मग. आता बसवराजच्या डोक्यात वधू-वर मेळावा बसलाय. पोराचा सुटातला फोटो छापून आणलाय, कुठं मेळावा हाय विचारत फिरतो.

माझं म्हणणं वेगळं हाय. पोराचं मन कुठंतरी गुंतलंय. मागं आला तेव्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता, बोलत होता काहीतरी, आणि मला बहिरीला काही उमगलं न्हाई. मी नुसतं हो हो केलं. तो काय बोलला ते तेव्हापास्नं मला खातंय. तुमच्याजवळ हाय तर तुम्ही काढून घ्या. पोरगी कोण हाय तेवढं कळवा. बसवराजला न्हाई सांगत.

तुमची
जगदेवी

*

उदगीर, ११ मार्च २०१६

चि. जगदेवीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दारातल्या वाळलेल्या कडुनिंबाखाली बसून चौथीच्या मुलांना कविता कशी म्हणायला लावायचो ते आठवत होतो. सबंध वर्ग एका चालीवर डुलायचा. खिडकीबाहेर तुरीचं रान, आत चाळीस मुंड्या. अर्थ कुणाला कळायचा देव जाणे, पण ओळ संपली की सगळे एकदम श्वास घ्यायचे. तो श्वास माझ्या कानात अजून आहे. तुझ्या कानांनी दगा दिला, माझे नको तितकं जुनं ऐकत राहतात.

शिवलिंग इथं सुखरूप आहे. सहा-सात पोरं आहेत. म्होरकी पंचशीला, नांदेडची मुलगी, वडील सरकारी नोकरीत. अंगानं काडी, पण मोठ्यांना कामाला लावते. सिनेमाची गोष्ट वधू-वर मेळाव्याची आहे. जोडीदार शोधायला आलेली तरुण पोरं-पोरी एका दिवसात कशी भांबावतात, कोण कुणाकडं बघतं, कुणाचे आईबाप कुणाची जमीन विचारतात, अशी हसवणारी. तुझा बसवराज त्यात शोभला असता.

मंडपाची मजा सांगतो. नवा जिल्हा उदगीरला द्या म्हणून उपोषण झालं होतं, त्याचा मंडप पुढाऱ्यांनी तसाच सोडला. तोच पोरांनी भाड्यानं घेतला. जिल्ह्याचा फलक उलटा करून त्याच्या पाठीवर 'भव्य वधू-वर परिचय मेळावा' रंगवलं. मला आपली गंमत वाटली. आपण दोघं जन्मलो तेव्हा हे घर बिदर जिल्ह्यात होतं. मी शिकवायला लागलो तेव्हा उस्मानाबादेत. पुढं एके दिवशी लातूर जिल्हा झाला, साखर वाटली, मी वर्गात नकाशा बदलला. आता आणखी एक नाव लागेल म्हणतात. घर जागचं हललेलं नाही.

मलाही काम दिलंय. मी मेळाव्याचा सूत्रसंचालक. स्वागताच्या दोन ओळी मीच रचल्या:

या बसा हो सावलीला, पाणी थोडे माया फार
ज्याचा त्याला मिळो येथे उन्हातला जोडीदार

पंचशीला म्हणाली, गुरुजी, हे आमच्या सिनेमाच्या नावाखाली घालू. चौथीतल्या पोरासारखा फुगलो.

मुलगी वगैरे कुणी नाही. काळजी करू नकोस.

तुझा
अण्णा

*

कंधार, १९ मार्च २०१६

अण्णांना शरणार्थ.

मुलगी न्हाई म्हणता आणि पत्रभर पंचशीला पंचशीला. मी बहिरी हाय, आंधळी न्हाई.

मला कळलं. नावावरून समाजबी कळला. पहिले दोन दिवस जेवण गेलं न्हाई. आपल्या घरात असं झालेलं न्हाई. देवघरासमोर बसले, इष्टलिंग हातावर घेतलं, विचारलं. मग मनात आलं, आपल्याला लहानपणी काय शिकवलं होतं? जात विचारू नको म्हणूनच ना शिकवलं? आणि सगळी उमर मी जात विचारतच काढली. नागुबाई इथं शेजारी राहते, पंचशीलाच्याच समाजाची, माझ्या तापात तिनंच पेज पाजली. तिची नात असती तर मी न्हाई म्हणले असते का? म्हणले असते, अण्णा. खरं सांगते. पण आता न्हाई म्हणणार.

तर तुम्ही शिवलिंगाला सांगा, आज्जी उभी हाय पाठीशी. बसवराज लई बोंबलेल. चार नातेवाईक येणं सोडतील. सोडू देत, पाणी तेवढंच वाचतं.

पोरीला विचारा तिला धपाटे आवडतात का.

फोटो घेऊन बसवराज लातूरपर्यंत जाऊन आला. तिथं म्हणं पाण्याच्या टाकीपाशी पोलीस उभे केलेत, गर्दी करू देत न्हाईत. मेळावे सगळे पुढं ढकलले. त्यामुळं घरात अजून शांती हाय. तुम्ही लवकर लिहा. पत्र यायला उशीर झाला की मला वाटतं तिकडं काहीतरी झालं.

जगदेवी

*

उदगीर, २५ मार्च २०१६

चि. जगदेवी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा चष्मा पुसला. तुझ्यासारखं धैर्य मला असतं तर पहिल्याच पत्रात सरळ लिहिलं असतं. लपवलं ते तुझ्या भीतीनं नाही, बसवराजच्या.

पंचशीला नाही गं. ती तर शिवलिंगाला राखी बांधते.

सिनेमाची गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली. मेळाव्याला दोन मुलगे येतात, दोघांनाही घरच्यांनी ढकलून आणलेलं. रांगेत उभं असताना त्यांची ओळख होते आणि दोघांचं एकमेकांवरच मन बसतं. मग दिवसभर त्यांची जी त्रेधा उडते, ती गोष्ट. हसू येतं, जगदेवी. मलाही आलं. आधी वाटलं होतं उठून जावं, पण दुसऱ्या दिवशी पुढं काय होतं बघायला आपसूक गेलो.

त्यातला एक मुलगा शिवलिंग. दुसरा व्यंकटी, मुदखेडचा, शेतकऱ्याघरचा. नांदेडला दोघं एकाच खोलीत राहायचे. आता पुढचं कसं लिहावं. माझ्याकडं पाणी आठवड्यानं येतं. आंघोळीला प्रत्येकाला एक तांब्या, असा मी नियम केलाय. बाकीची पोरं स्वतःच्या तांब्यासाठी भांडतात. हे दोघं एकाच तांब्यात भागवतात आणि दुसरा माझ्या कडुनिंबाच्या बुडाशी ओततात. मी झाडाबद्दल एकदा बोललो होतो, लहानपणी आपण त्याखाली शाळा-शाळा खेळायचो म्हणून. तेवढ्यावरून. मी त्यांना काही विचारलं नाही. काल शिवलिंगानंच सांगितलं. मान खाली, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत, म्हणाला, अज्जा, सिनेमात आहे ते खरं आहे. तुझ्या मांडीवर तो हेच बोलला होता. तू हो हो म्हणालीस. तेवढ्या होकारावर तो इतके दिवस जगलाय, असं म्हणाला.

आता मला धास्ती वेगळीच आहे. फलक रस्त्यावरून दिसतो. परवापासून खरीखुरी माणसं यायला लागलीत. हातात मुलांचे फोटो, पिशवीत टोपी. जळकोट, मुखेड, पार देगलूरकडनं. दुष्काळी गावात मुली कुणी देईना, म्हणून मुलांचेच बाप जास्त. पंचशीला हात जोडून सांगते, काका, हा सिनेमा आहे. ऐकून घेतात आणि तरी बसतात. एकजण म्हणाला, सिनेमा तर सिनेमा, पोरगी दिसली तर बरं. सिनेमात काम करणाऱ्या एका मुलीच्या मावशीनं तर खरंच त्यातल्या एका बापाशी बोलणी सुरू केलीत. पंचशीलानं सगळ्यांना चहा पाजून प्रेक्षक म्हणून बसवलंय. तिचा खर्च वाचला.

फलकाचा फोटो मोबाईलवर फिरतोय म्हणे. बसवराजपर्यंत जायला नको. तू लक्ष ठेव. आणि मला लगेच लिही. 

अण्णा

*

उदगीर, ९ एप्रिल २०१६

चि. जगदेवी,

तुझं उत्तर नाही. पोस्टमन दारावरून जातो, मी उठतो, तो मान हलवतो. तू रागावली असशील तर तसं लिही. कोरेपणा सोसत नाही.

बसवराज आला होता. त्यानं घरी किती सांगितलं मला ठाऊक नाही, म्हणून झालं ते क्रमानं लिहितो.

त्या दिवशी शेवटचा प्रसंग होता. तुला मेळाव्याची रीत माहीत आहे. उमेदवार मंचावर येतो, माईकसमोर नाव, शिक्षण, शेती, अपेक्षा सांगतो. त्याआधी सूत्रसंचालक म्हणतो, उमेदवाराच्या पालकांनी उभं राहावं, म्हणजे घराणं कुठलं ते लोकांना दिसतं. आणि उमेदवार शेवटी पालकांकडं बोट करून दाखवतो. सिनेमात शिवलिंगाचं नाव सुधाकर. त्याच्या बापाच्या कामाला आमचे हणमंतराव, पूर्वी गावच्या नाटकात राजा व्हायचे.

मी माईकवर म्हणालो, उमेदवाराच्या पालकांनी उभं राहावं.

आणि दोन बाप उभे राहिले.

एक हणमंतराव, पुढच्या रांगेत. दुसरा पार मागं, खांबाजवळ. माझ्या मोतीबिंदूला नुसता पांढरा सदरा दिसला. वाटलं, चहाला आलेल्यांपैकी कुणीतरी चुकून उठलाय. हणमंतरावांनी मागं वळून बघितलं, त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते गपकन खाली बसले. राहिला मागचा. मग शिवलिंगाचा चेहरा पाहिला आणि मला कळलं, कोण आहे.

बसवराज मेळावा खरा समजून आला होता. कॅमेरा दिसला असेल, पण तो कुठल्या मेळाव्यात नसतो. आला, बसला, तोच समोर स्वतःचा मुलगा मंचावर, पोरींच्या बापांसमोर, नीट भांग पाडून. त्याला वाटलं, अण्णामामानं समजूत घातली, पोर वळणावर आलं. मी पालकांना उठवलं आणि तो उठला. कसा उठला म्हणून सांगू. सदरा ओढून नीट केला. आजूबाजूच्यांना मान लववली. ती अजिजी, तो आनंद. जगदेवी, वाटलं, आत्ता थांबवावं. पण माईक शिवलिंगाच्या हातात गेला होता.

शिवलिंग बोलला. पंचशीलानं लिहून दिलेलं बोलला नाही.

बोलणं होईपर्यंत बसवराज तसाच होता. मग पायात चपला घातल्या आणि निघून गेला. मी मागं धावलो. या वयात धावणं ते काय, तो मोटारसायकलवर पार कोपऱ्यापर्यंत गेला होता.

तेव्हापासून शिवलिंग धड जेवत नाही. व्यंकटी त्याच्यापुढं ताट धरून बसतो, तोही अर्धपोटी. शिवलिंग एकच विचारतो, मला घर राहिलं का अज्जा. 

आणखी एक. कॅमेरा चालू होता. बसवराज उभा राहिलेला सगळा त्यात आलाय. पंचशीला म्हणते, सिनेमात असा बाप कुणाला लिहिता येणार नाही. पण त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी ठेवणार नाही, आणि नाही म्हणाले तर शेवट पुन्हा करू, असंही तीच म्हणते. ठेवला तर तो माणूस सगळ्या मुलखाला या पोराचा बाप म्हणून दिसणार. हे त्याला कोण विचारणार? मी विचारू शकत नाही. तू विचारशील का, हे विचारायचीही मला भीती वाटते.

अण्णा

*

कंधार, १७ एप्रिल २०१६

अण्णांना शरणार्थ.

रागावले न्हाई. मला लिहायला सुचत नव्हतं. पंचशीलासाठी मी सगळी तयारी करून बसले होते, मनातल्या मनात तिला साडीसुद्धा नेसवली होती. आणि तुम्ही तिसरंच कळवलंत. पत्र वाचलं, पिठाच्या डब्याखाली ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. मला हे कळत न्हाई, अण्णा. खोटं का सांगू. ह्याला काय म्हणतात तेबी मला ठाऊक न्हाई. पण एका तांब्यात भागवणारी दोन माणसं म्हंजे काय, ते मला कळतं. तुमचे दाजी होते तोवर मीबी तेच केलंय.

बसवराज त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून गेला, कुठं ते बोलला न्हाई. परत आला तो धुळीनं भरलेला. दुकान उघडलं न्हाई. सूनबाईला एवढंच म्हणाला की पोरगा भेटला. मग तुमचं पत्र आलं आणि मला सगळं कळलं. त्याला कळलं की मला कळलंय. आम्ही दोघं एका घरात, मी ऐकत न्हाई आणि तो बोलत न्हाई. सूनबाई मधे उभी राहून रडायची.

परवा सांजच्याला मी त्याच्यापुढं तुमचं पत्र ठेवलं. कॅमेऱ्याचं, पंचशीलाचं लिहिलंय तिथं बोट ठेवलं. त्यानं वाचलं. उठला, बाहेर गेला, आत आला. मला काही सांगायचं तर कानाशी येऊन ओरडावं लागतं, समदी गल्ली ऐकते. म्हणून तो एरवी हातानंच खुणावतो. परवा कानाशी आला. आणि ओरडून बोलला. नागुबाई दारात आली, पलीकडचे किशनराव खिडकीत आले, तरी थांबला न्हाई.

म्हणाला, "मामाला लिही, ठेवायचं तर ठेवा. मी निघून गेलो तेबी ठेवा. पण मी खाली बसलो न्हाई. तेवढं लोकांना दिसू द्या."

मग शटर वर करायला गेला.

पोराशी बोल म्हटलं तर मान हलवून न्हाई म्हणाला. अजून न्हाई. मी ओढून ताणून काही करणार न्हाई. ह्या पत्रासंगं उदगीरच्या बसमधी धपाटे आणि शेंगाची चटणी पाठवते. दोघांचं बांधलंय. पिशवी स्टँडवर बसवराजच घेऊन जाईल, त्याला वजन कळेल. कळू दे.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं म्हणून सगळे बोलून राहिलेत. आपल्या गावाला कोण आणतंय.

आता माझं भांडण. तुम्ही सगळं लिहिलंत, कोण उठलं, कोण बसलं, सदरा कसा ओढला. आणि पोरगा काय बोलला, तेवढंच गाळलंत. बसवराजला विचारलं तर तो बघतच राहतो. एकदा माझ्या मांडीवर बोलला ते मी ऐकलं न्हाई. आता दुसऱ्यांदा सगळ्या मंडपानं ऐकलं आणि मी एकटी राहिले. जसं बोलला तसं लिहा. कवितेसारखं करू नका.

जगदेवी

*

उदगीर, २२ एप्रिल २०१६

चि. जगदेवी,

पिशवी मिळाली. मी स्टँडवरून आणली, अंगणात ठेवली आणि शिवलिंगाला म्हणालो, तुझ्या बापानं बसमध्ये चढवलीय. तो पिशवीकडं बघत बसला. मग तुझं पत्र दिलं. ते वाचून उठला आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धुतलं. नियमापेक्षा जास्त पाणी गेलं.  मग दोघं पोटभर जेवले.

पंचशीलाला निरोप सांगितला. ती म्हणाली, निघून गेलेलंही ठेवते.

सिनेमा कधी लागेल, कुठं लागेल, लोक दगड मारतील की हसतील, मला माहीत नाही. पोरं परवा नांदेडला परत जातील. मला त्यांची भीती वाटत राहील. फलक उतरवायला मंडपवाला आला होता. पाठीवरचं पुसून देऊ का म्हणाला, जिल्ह्याच्या सभेला पुन्हा लागेल. मी म्हटलं, राहू दे, सभेत पुढची बाजू दिसते.

तू मागितलंस ते लिहितो. मी गाळलं, कारण हातून उतरत नव्हतं. त्याला म्हणून दाखवायला सांगितलं, तो नाही म्हणाला. व्यंकटीनं सांगितलं. त्याला एकेक शब्द पाठ आहे. माईक शिवलिंगाच्या हातात आला. मग असं बोलला:

"माझं नाव सुधाकर नाही. माझं नाव शिवलिंग बसवराज. राहणार कंधार. शिक्षण बी.एस्सी. नोकरी नाही. घरचा बोअर आटलाय. मला मुलगी नको, कुणाच्या मुलीला फसवायचं नाही. मला व्यंकटीसोबत राहायचंय. तो मुदखेडचा आहे, समोर बसलाय. दुसरी काही अपेक्षा नाही. आणि माझे वडील ते, तिथं उभे आहेत."

अण्णा